स्वभावतः तात्पुरते

‘फोरयुबरगेहेंड’ हा शब्द मी रेगेन्सबर्गमध्ये वर्षानुवर्षे वाचत आले होते. बंद पडलेल्या लिफ्टवर, सुटीवर गेलेल्या बेकरीच्या काचेवर, खणलेल्या पदपथाशेजारच्या पाटीवर तो असायचा. तात्पुरते, असा त्याचा अर्थ. फोड केली तर त्यात एक चालते पाऊल सापडते, समोरून येणारे आणि न थांबता पुढे निघून जाणारे. मला तो शब्द आवडायचा. कवितेच्या तालमीत वाढलेल्या बाईला शब्द आधी कानाने आवडतात. त्यांचे दात नंतर दिसतात.

मला ते मिरजेत दिसले, आईच्या खाटेशेजारी.

आईला अर्धांगवायूचा झटका आल्याचे कळले त्याच आठवड्यात मी जर्मनीहून निघाले होते. वडील नव्हते, भावंडे नव्हती. नवरा रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात अभियंता, मुलगी तिथल्याच शाळेत तिसरीला. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या माझ्या अर्धवेळ नोकरीतून मी बिनपगारी रजा घेतली. सगळ्यांना वाटले, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. आईच्या शरीराला तसे वाटले नाही. डावी बाजू गेली ती गेलीच. शब्द मात्र हळूहळू परतले, एका ओठाने, लंगडत, पण जुनी धार घेऊन. जन्मभर तिने शाळेत मराठी शिकवले होते. अर्ध्या तोंडानेही ती माझे व्याकरण सुधारू शकत होती.

दिवसांना ठरलेले वास होते. सकाळी निलगिरी आणि गरम पाण्यात भिजलेल्या पंचाचा, दुपारी तापलेल्या गच्चीचा. शेजारच्या आळीत तंबोरे घडवत. तिथून लाकूड तासल्याचा कोरडा, गोडसर वास यायचा आणि अधूनमधून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सुरात आणत बसायचे. आईला कुशीवर वळवताना मी त्या सुराची वाट पाही. तो लागला की वळवायचे. तिचे वजन तेवढ्यापुरते हलके वाटे.

माझ्या पासपोर्टात जर्मनीतल्या कायम वास्तव्याचा परवाना चिकटवलेला होता. त्या जर्मन नावात ‘खाली टेकणे’ आहे, पक्ष्याने फांदीवर टेकावे तसे. पण या टेकण्याला अट होती. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिले की परवाना आपोआप संपणार. तो संपला तर नोकरी जाईल, आणि नवरा-मुलगी जिथे राहतात तिथे मला व्हिसा मागून, पुन्हा पहिल्या पायरीपासून जावे लागेल. पाचवा महिना सरत आला तेव्हा मी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीला लिहिले की मला अधिक मुदत हवी आहे. उत्तर सभ्य होते. बाहेर राहण्याचे कारण ‘स्वभावतः तात्पुरते’ असल्याचा पुरावा द्यावा आणि शक्यतो स्वतः भेटावे.

मी ते पत्र आईला मराठीतून वाचून दाखवले.

“म्हणजे काय हवंय त्यांना?” तिने विचारले.

“तू कधी बरी होशील, ते.”

“तारीख?” तिचा चालता ओठ वाकडा झाला. “मी काय महाराष्ट्र एक्सप्रेस आहे? आणि तीसुद्धा वेळेवर येत नाही म्हणावं.”

डॉक्टर भला माणूस होता. प्रमाणपत्रावर ‘तात्पुरता आजार’ एवढेच लिहाल का, असे मी विचारले तेव्हा त्याने पेन खाली ठेवले. “ताई, सेवा करावी लागेल असं लिहितो. पण हे तात्पुरतं नाही. आता हे असंच.” मला त्याचा राग आला नाही. राग आला तो मी असे विचारल्याचा. आईचे दुखणे लवकर संपेल असे कागदावर मागणे म्हणजे काय मागणे, हे मला विचारून झाल्यावर कळले.

रविवारी फोन यायचा. मुलगी मराठी सगळे समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. “मामा, वान कोम्स्ट डू?” कधी येतेस, असे ती मला विचारी. फोनचा आवाज मोठा केलेला असे, आणि खाटेवरून आई दर रविवारी म्हणे, “मामा कुणाला म्हणते ही? हिला मामा नाही. आईला आई म्हणायला सांग.” पलीकडे मुलगी खिदळायची. मग नवरा फोनवर यायचा. तो मुलीची वेणी घालायला शिकला होता. तिन्ही पेडांवर ताण सारखा ठेवला की जमते, असे त्याने मला कारखान्याच्या भाषेत समजावले होते.

“आल्झो, हे बघ, सोपं आहे,” तो म्हणाला. “सहा महिने व्हायच्या आत ये, पासपोर्टवर शिक्का घे, आठवड्यानं परत जा. सगळे तेच करतात.”

“कारणच तात्पुरतं नसेल तर नुसत्या शिक्क्यानं काही होत नाही. कायद्यात लिहिलंय.”

“ते कोण बघत बसतंय?”

“मी बघतेय. मला माझ्या घरात चोरवाटेनं यायचं नाही, आणि माझ्या आईकडे चोरवाटेनं जायचं नाही.”

त्याच्या मागे, आमच्या स्वयंपाकघरात, किटली शिटी घालत होती.

त्याच सुमारास शेजारच्या काकू एकदा वाटीभर आमटी घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, “काय बाई, केवढं हे माहेरपण! जावईबापू रागावत नाहीत का?”

माहेरपण. या शब्दाला मऊ भाताचा आणि मेतकुटाचा वास आहे. लहानपणापासून तो मी लाडाने ऐकला आणि लग्नानंतर त्याच्यावर चिडत आले. ज्या घरात मी पहिला श्वास घेतला, भिंतीवर पेन्सिलने पहिल्या ओळी लिहिल्या, त्या घरात एका दिवसात मी पाहुणी झाले, आणि तेही कौतुकाने. कितीही राहिलीस तरी तुला जायचे आहे, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. मी काकूंच्या हातातली वाटी घेतली आणि आमटी गरम असूनही तशीच उभी राहिले. कारण तेवढ्यात मला कचेरीचे ते दोन शब्द ऐकू आले होते. स्वभावतः तात्पुरते.

मावशीला आईजवळ ठेवून मी सहावा महिना संपण्याआधी रेगेन्सबर्गला आले.

परदेशी नागरिकांच्या त्या कचेरीत बारा महिने ओल्या कोटांचा वास असतो. जणू येणारा प्रत्येक जण आपापल्या देशातला पाऊस खांद्यावर घेऊन येतो. टेबलामागची बाई माझ्याच वयाची होती. तिने नुकतेच संत्रे सोललेले असावे. कागदाचे प्रत्येक पान तिने उलटले की साल फुटल्याचा तिखट वास माझ्यापर्यंत येई. नवरा माझ्या शेजारी बसला होता. प्रमाणपत्राचे भाषांतर तिने सावकाश वाचले.

“यात आजार कायमचा आहे असं लिहिलंय,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तुमचं कारण तात्पुरतं कसं?”

“आजार आईचा आहे. बाहेर राहण्याचं कारण माझं आहे. तुम्ही प्रमाणपत्र चुकीच्या माणसाचं मागितलंत.”

टेबलाखाली नवऱ्याचा बूट माझ्या बुटाला लागला. मी पाय हलवला नाही.

“तुमचं कारण कोणतं?”

“माहेर,” मी म्हणाले.

“हे गाव आहे?”

“नाही. लग्न झालेल्या बाईच्या आईवडिलांचं घर. तिथे ती जन्मलेली असते, पण लग्नानंतर ती कितीही दिवस राहिली तरी पाहुणीच. तिथे राहण्याला आमच्या भाषेत वेगळं नाव आहे आणि परत जाणं त्या नावातच आहे. हे माझं मत नाही. माझ्या भाषेतल्या कुणालाही विचारा, माझ्या आईच्या शेजारणीला विचारा. तुमच्या कायद्याला स्वभावतः तात्पुरतं असं काही हवंय. याहून जास्त स्वभावतः तात्पुरतं माझ्याकडे काहीही नाही.”

तिने नवऱ्याकडे पाहिले. “आणि यांना असं घर असतं?”

“नाही. ते कुठेही गेले तरी आपल्याच घरी जातात.”

“गेनाऊ,” ती म्हणाली. तो होकार कायद्याला होता की मला, ते कळले नाही. तिने माझ्याकडून ‘माहेर’चे स्पेलिंग घेतले, माझ्या विनाकारण वाढलेल्या फाइलवर पेन्सिलने लिहिले, आणि फाइल उचलून आतल्या खोलीत वरिष्ठांकडे गेली.

ती परत येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या पाइनच्या झाडाकडे पाहत होते आणि माझे तळवे तापले होते. भीतीने नव्हे. ज्या शब्दाने मला माझ्याच घरातून उठवले होते, त्याला मी आज दोन्ही घरांच्या दारात पाचरीसारखा ठोकला होता. कोणतेच दार आता माझ्या तोंडावर मिटायला नको होते. ती जर नाही म्हणाली असती तर मी पुन्हा अर्ज केला असता, वकील गाठला असता, आणि ते सारे चालू असताना मिरजेला गेले असते. हे मी त्या खुर्चीवर ठरवले आणि ठरल्यावर मला संत्र्याचा वास पुन्हा येऊ लागला.

ती आली ती शिक्का हातात घेऊनच. पुढच्या वर्षाअखेरपर्यंत मुदत. तोवर परत आले तर परवाना अबाधित.

“आणि त्यानंतरही तुमच्या आईची तब्येत अशीच राहिली तर?” तिने विचारले. तिच्या आवाजात आता कचेरी जरा कमी होती.

“तर मी पुन्हा येऊन तुमच्यासमोर बसेन. तुम्ही कंटाळेपर्यंत.”

बाहेर आल्याबरोबर नवरा म्हणाला, “माहेर! काय युक्ती काढलीस! मला सात जन्मात सुचली नसती.”

“तुला कशी सुचणार?”

“निदान तिला डांके तरी नीट म्हणायचंस.”

“कशाबद्दल? माझ्या आईला कुशीवर वळवायची मला परवानगी दिली म्हणून?”

थोडे चालल्यावर त्याने माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. घरी मुलीने वेणी दाखवली. वेणी खरोखर सरळ होती. माझे मिरजेचे तिकीट काढले आहे हे तिला मी तेव्हाच सांगितले, कारण तिच्याशीही मला तारखांचा लपंडाव खेळायचा नव्हता. ती रडली, चिडली, दार आपटून खोलीत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने आजीसाठी काढलेले चित्र माझ्या बॅगेत सपाट ठेवले.

मिरजेला पोहोचले तेव्हा दुपार होती. आई जागी होती, उशीवरून घसरलेली. मावशी स्वयंपाकघरात होती. मी खाटेच्या कडेवर बसून सगळे सांगितले, मी काय म्हणाले तेही.

“म्हणजे या घरात तू पाहुणी, असं सांगितलंस तिला?”

“सांगितलं.”

“आणि तिनं मानलं?”

“शिक्का मारून मानलं.”

आईच्या चालत्या ओठाचे टोक हलले. “मग पाहुणीसारखी वाग. आधी हातपाय धू, पाणी पी. माझी उशी नंतर सरळ कर.”

मी आधी उशी सरळ केली.