बाईमाणसासाठी हलकं पिस्तूल

ड्वेन हॅस्केटच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरमागच्या फळीवर सात खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला नेहमीच्या एकेका माणसाचा कॉफीचा मग. टवका उडालेला मग ऑर्व्हिल टेनीचा. त्याची एकोणचाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढण्यात गेली होती. बायको, विल्मा, गेल्यापासून तो रोज सकाळी बारा मैल गाडी हाकत इथं येई. विकत काही घेत नसे. शेगडीजवळच्या स्टुलावर बसे आणि दुपारी घरी जाई. मग दुसऱ्या सकाळपर्यंत घरात बोलणारा एकटा रेडिओ.

दुकानात सल्ला फुकट मिळे, आणि फुकटच्या मालात असायची तेवढी भेसळ त्यात असे. अस्वलाला कुठली गोळी लागते हे छातीठोकपणे सांगणाऱ्या लायलनं अस्वल पाहिलं होतं ते भिंतीवर टांगलेलं. ऑर्व्हिल नुसती मान डोलवी. मान डोलवणाऱ्याला कोणी उठवत नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी नेडिन प्रूएट आली. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. गावाबाहेर ती एकटीच राही. दोनदा कोणीतरी येऊन तिचं दार हलवून गेलं होतं, आणि शेरीफची गाडी पोचायला चाळीस मिनिटं लागत.

"मला काहीतरी द्या," ती म्हणाली. "पण नीट समजावून सांगा. मी कधी हातात धरलेलं नाही."

"तुमच्यासाठीच ठेवलंय बघा." ड्वेननं तळहाताएवढं पिस्तूल काचेवर ठेवलं. "पिसासारखं हलकं. बाईमाणसाला हेच बरं."

"जांभळा रंग बघा की!" लायल म्हणाला. "माझ्या बायकोला हेच घेऊन दिलं. एकदम खूष!"

"तू नुसता घराबाहेर पडलास तरी ती खूष असते रे," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

नेडिनही हसली. तिनं ते उचललं. "खरंच, किती हलकं आहे!"

बावीस वर्षांपूर्वी याच काचेपाशी विल्मा हेच म्हणाली होती. पिस्तूल ऑर्व्हिलनं निवडलेलं. परसात पहिलीच गोळी झाडली आणि त्या दणक्यानं तिचं मनगट मुरगळलं. तिनं ते टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. वादळानंतर तारा जोडायला तो आठ-आठ दिवस बाहेर असे. तेव्हा ती दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवून झोपायची. हे त्याला ती गेल्यावर कळलं, खुर्चीच्या पाठीवर दाराच्या मुठीनं पडलेल्या खाचा पाहून.

"बाई, ते घेऊ नका," ऑर्व्हिल म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"जितकं हलकं, तितकं ते हाताला जास्त मारतं. एकदा झाडाल, पुन्हा शिवणार नाही. जड घ्या, आणि घेण्याआधी स्वतः झाडून बघा. इथल्या कोणाचं ऐकू नका. माझंसुद्धा. आणि आधी दाराला भक्कम अडसर लावून घ्या."

"ऑर्व्हिल," ड्वेन म्हणाला, "दुकान तुझं की माझं?"

"तुझं."

"मग कॉफी पी."

नेडिननं पिस्तूल काचेवर ठेवलं. "आधी अडसराचं बघते," असं म्हणून ती गेली. जाताना तिनं फक्त ऑर्व्हिलकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलचा मग खिळ्यावरच होता. स्टुलावर मात्र काडतुसांची खोकी रचलेली होती.

"माल आलाय," ड्वेन वर न बघता म्हणाला. बाकी फरशी मोकळीच होती.

ऑर्व्हिलनं उभ्यानंच कॉफी संपवली, आपला मग विसळला, पुसला आणि कोटाच्या खिशात घातला.

"काय रे, घरी नेतोस?" लायलनं विचारलं.

"टवका उडालाय. चिकटवून आणतो."

तो तुकडा कधीच हरवला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वाटेत नेडिनच्या दारात सुताराची गाडी उभी दिसली. त्यानं वेग कमी केला, पण थांबला नाही. घरी येऊन त्यानं कॉफी केली आणि इतके दिवस टाळलेली ती खुर्ची ओढून तीवर बसला. पाठीला मुठीची खाच लागत होती. त्यानं रेडिओ लावला नाही.