बाण हलला म्हणजे वैशू आली

सुनीलचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. सुनील म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, वैशालीचा नवरा. पिठाच्या हातानेच फोन स्पीकरवर टाकला. "ताई, वैशू गेली," तो म्हणाला. दुपारी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणाली, टेबलावर टेकलं ते टेकलंच. बाहेरच्या खोलीत बाबा रोजच्यासारखे कॉम्प्युटर चालू करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. संध्याकाळची ती वेळ वैशूची. ती बोरिवलीला आपल्या घरी बसून आमच्या घाटकोपरच्या खोलीतला कॉम्प्युटर चालवायची. स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला की बाबा आपल्या मालवणीत म्हणायचे, "इली." बाबांना ऐकू येत नाही. मरोळच्या छापखान्यात उभी हयात यंत्रांशेजारी गेली, कान तिथेच राहिले. मशीन आणून दिली होती कानाची, पण "डोक्यात गिरण चलता" म्हणून ती कपाटात. आता अशा माणसाला ही बातमी कशी सांगायची, तुम्हीच सांगा. मी कानाशी वाकले आणि म्हटलं, "बाबा, वैशू गेली." "काय?" मी आवाज चढवला. ते म्हणाले, "खंय गेली?" मग मी ओरडले. अख्ख्या मजल्याने ऐकलं, शेजारची दारं उघडली, आणि बाबांनाही ऐकू गेलं. गॅस बंद करा, गोळी घ्या, हे मी ज्या आवाजात रोज सांगते ना, त्याच आवाजात मी माझ्या बहिणीचं मरण सांगितलं. माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता. तिच्याकडे होता, आणि तो नेमका त्याच दिवशी बंद पडला.

पुरवणीत असे लेख मी नेहमी वाचते. त्यात गेलेलं माणूस देवमाणूस असतं आणि लिहिणारा त्याच्या आठवणीने गहिवरलेला असतो. मला गहिवर येतो, नाही असं नाही. पण खरं सांगू? मला वैशूचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. महिना होऊन गेला तिला जाऊन, तरी माझ्या मनात ती माझ्या पुढेच उभी आहे, लहानपणी रेशनच्या रांगेत मध्येच घुसायची तशी.

लहानपणीच याला सुरुवात झाली. शनिवारी बाबा तिला छापखान्यात घेऊन जायचे. मला नाही, कारण मी मोठी, आईला मदत कोण करणार? तिथून ती शाईने काळी बोटं घेऊन यायची. एकदा बाबांनी शिशाचे खिळे जुळवून तिचं नाव छापून दिलं, जाड कार्डावर, भोवती वेलबुट्टी. मी विचारलं, माझं? तर म्हणाले, "तुझा जोडाक्षर गो, खिळो नाय गावलो." आता 'उज्ज्वला'त जोडाक्षर आहे हे खरंय, पण छापखान्यात खिळा मिळत नाही? बाजारात मीठ मिळत नाही म्हटल्यासारखं झालं. ते कार्ड वैशूने लग्न होईपर्यंत दप्तर, पर्स, पाकीट, सगळीकडे फिरवलं. पुढे नोकरीही तिने धरली ती मरोळलाच, एका कंपनीत. काम काय, तर लोकांचे कॉम्प्युटर अडले की लांबून त्यांच्या आत शिरायचं आणि दुरुस्त करायचं. बाबांना याचं कोण कौतुक! "माझा मरोळ तिना सांभाळल्यान." आणि मी समोरच्याच बिल्डिंगीत राहून यांचा भात, यांच्या गोळ्या, यांचं पेन्शन सांभाळतेय, त्याला काही नाव नाही.

बाबांकडचा कॉम्प्युटर छापखान्यातला. शेवटच्या काही वर्षांत ते त्याच्यावर मराठी टाइप करायला शिकले होते. छापखाना मिटला तेव्हा मालकाने तो त्यांना देऊन टाकला. आई गेल्यावर त्यांना त्याचाच आधार. चाळकऱ्यांच्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, पाणी येणार नाही म्हणून सोसायटीच्या सूचना, सगळं ते करून द्यायचे. पण रोज काहीतरी अडायचं, आणि अडलं की वैशू. सुरुवातीला लांबून जोडायच्या त्या सॉफ्टवेअरला नंबर लागायचा. बाबांच्या स्क्रीनवर लांबलचक आकडा यायचा, तो वैशूला सांगायचा, मग तिने तिकडून दार वाजवलं की इकडे परवानगीची चौकट उघडायची, तिच्यावर 'हो' दाबायचं. बाबांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणजे नंबर वाचणार कोण? मी. 'हो' दाबणार कोण? मी. कणीक मळता मळता उठायचं, चष्मा शोधायचा, आकडे वाचायचे. "ताई, हळू वाच ना यार, सहा की नऊ?" "सहा, सहा! सहामाहीतला सहा!" एकदा तासभर काही केल्या जोडलं जाईना. वैशू तिकडून वाय-फाय बघ, वायर बघ, बंद करून चालू कर, असं सगळं करायला लावत होती. मी टेबलाखाली पालथी. शेवटी कळलं की बाबांनी वीज वाचवायला त्या वाय-फायच्या डबीचंच बटण बंद केलं होतं. "दिवसा दिवो कित्याक पेटवूक होयो?" म्हणे. तिकडे वैशू खो खो हसतेय, इकडे बाबा हसतायत, आणि माझ्या केसांत जळमटं.

तरी तोवर मला बरं वाटायचं, कबूल करते. दार माझ्या हातात होतं. मी 'हो' दाबल्याशिवाय बाईसाहेब आत येऊ शकत नव्हत्या.

मग त्यांनी नोटपॅड शोधून काढलं. म्हणजे स्क्रीनवर कोरं पान उघडायचं, वैशूने तिकडून लिहायचं, बाबांनी त्याच्याच खाली उत्तर द्यायचं. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, बाबा कळफलक मराठीवर नेऊन मराठीत. एक दिवस तिने नेहमीप्रमाणे 'जेवलात का' लिहिलं आणि पानावर उमटलं 'रानतोू को'. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. बाबा स्क्रीनला नाक लावून वाचतायत, "रानात? रानात कोण गेलो गो?" वैशूचा मला फोन. आपला स्क्रीन बिघडला की बाबांचा, तिला कळेना. एवढी मोठी कॉम्प्युटरवाली, पण गोंधळली. मी सहज बघितलं तर खाली उजव्या कोपऱ्यात 'मराठी' लिहिलेलं. बाबा कळफलक इंग्रजीवर परत न्यायचे विसरले होते, म्हणून तिची इंग्रजी बटणं इकडे मराठी होऊन पडत होती. मी म्हटलं, "अगं, ते कोपऱ्यातलं बदलायचं राहिलंय." "अय्या, ताई! झकास! माझ्या लक्षातच आलं नाही." दुरुस्त मी केलं, बरं का. पण गंमत कुणाची झाली? त्यांची. त्या दिवसापासून 'जेवलात का' असं ती विचारीचना. 'रानात गेलात का?' असं विचारायची, आणि बाबा लिहायचे, 'गेलंय. बांगडो गावलो.' आता तो बांगडा रानात कुठून आला? मी तळला होता! आतल्या खोलीतून मला फक्त बटणांची टकटक आणि बाबांचं खुदखुदणं ऐकू यायचं. मी बाहेर आले की पान बंद. 'सेव्ह करायचं का' असं ते यंत्र विचारायचं आणि वैशूचा बाण हळूच जाऊन 'नको'वर टेकायचा. तिचा बाण चालायचाही कसा, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे आणावा तसा. बाबा मला दाखवायचे, "बघ, कशी चलता." कधी मी माउस धरला तर म्हणायचे, "मोठे, माउस हा तो, टोप नाय. घासतंस कित्याक?"

तुम्ही म्हणाल, तू का नाही लिहून बोललीस? बोलून बघितलं. कागदावर लिहून दाखवलं तर "मी काय मुको आसंय?" म्हणून फणकारले. कॉम्प्युटरवर लिहायचं तर त्यांना खुर्चीवरून उठवावं लागायचं, आणि समोर उभ्या माणसाने टाइप करून बोलायचं म्हणजे दोघांनाही येड्यासारखं वाटायचं. समोरच्या माणसाशी बोलायचं ते ओरडून. घसा बसेपर्यंत ओरडून. सोसायटीत मला सगळे भांडकुदळ समजतात ते याच्यामुळे. शेजारीण एकदा म्हणाली, "धाकटी किती गोड बोलते हो बाबांशी!" अगं बाई, ती बोलते कुठे?

गेल्या वर्षी वैशूने कायमचा पासवर्ड घालून टाकला. म्हणजे आता नंबर नको, 'हो' नको, बाबांचा कॉम्प्युटर चालू असला की ती थेट आत. मला फोन करून सांगते, "आता तुला त्रास नको गं, ताई." माझी अशी सटकली! म्हटलं, "बरोबर आहे. मी काय, वॉचमनच होते तुमची. काढून टाकलंत." ती म्हणाली, "तुझं बरंय गं. तुला त्यांचं तोंड दिसतं. मला नुसता वॉलपेपर." हे ऐकून एखाद्या चांगल्या बहिणीला वाईट वाटलं असतं. मला वाटलं, घ्या, आता हिला तोंडही हवंय! मी म्हटलं, "ये मग, बघ. मेट्रो आहे की." ती आली, पुढच्याच रविवारी. बाबांसमोर बसली, आणि दोघांना बोलायला काही सुचेना. ती ओरडू शकत नव्हती, सवयच नव्हती तिला. बाबा हसून मान हलवत राहिले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, त्यांना विचार ना, गुडघा कसाय?" आणि मी विचारलं, माझ्या भोंग्याने. त्या दिवशी मी तिला कोलंबीचं कालवण दुसऱ्यांदा वाढलं, तेवढी खूश होते मी.

बोरिवलीला दहाव्याला तिच्या ऑफिसातली माणसं आली होती. एकेक जण सांगत होता, मशीन अडली की मॅडम लगेच आत यायच्या, कितीही मूर्ख प्रश्न विचारा, कधी आवाज चढवला नाही. सगळ्यांचं तेच, कधी आवाज चढवला नाही. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, तिला काय गरज होती आवाज चढवायची! रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि रडणं तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला धड सांगता येणार नाही.

आणि बाबा? संध्याकाळ झाली की कॉम्प्युटर चालू करायचे, माउसवरचा हात काढून घ्यायचे, मांडीवर ठेवायचे. बाण मधोमध थांबलेला, आणि ते त्याच्याकडे बघत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, ताट घेऊन. "बाबा, जेवून घ्या!" नाही. "बाबा!" तेव्हाही माझा जळफळाट झाला हो. मेलेली माणसंसुद्धा हिच्यासारखी लाडकी असावीत? जिवंत मी इथे उभी आहे, आणि हे वाट बघतायत एका बाणाची.

मागच्या आठवड्यात सुनील येऊन वैशूचा लॅपटॉप ठेवून गेला. "ताई, हा उघडला की बाबांचा स्क्रीन येतो. मला नाही बघवत." मी तो घेऊन माझ्या घरी आले. सुनीलने दाखवलेलं बटण दाबलं. जोडेना. खाली इंग्रजीत काहीतरी आलं, समोरचं यंत्र सापडत नाही म्हणून. माझ्याच मनाने म्हटलं, ती डबी. चप्पल घातली, समोरच्या बिल्डिंगीत गेले, डबीचं बटण चालू केलं, बाबांना काही न बोलता परत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, ते बाणाकडे बघत होते. पुन्हा बटण दाबलं. आधी सगळं काळं, आणि मग एकदम बाबांचा स्क्रीन, त्यांनी अर्धवट सोडलेली कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, मागे तो वॉलपेपर, मालवणचा किनारा. तोंड नव्हतं. वैशू म्हणाली होती तसंच, तोंड नव्हतं.

बाण नेऊ तिकडे जाईना, इकडून तिकडे आपटत होता. कसंबसं नोटपॅड उघडलं आणि एका बोटाने 'बाबा' लिहिलं, इंग्रजी अक्षरांत. उमटलं 'वोवो'. शिंची, कळफलक मराठीवर! पण ते एक मला येत होतं. कोपऱ्यात जाऊन बदलणार, एवढ्यात खाली अक्षरं उमटायला लागली, सावकाश, माझ्या हाताशिवाय.

'बाण भांडी घासता हा. म्हणजे मोठी इली.'

मग पुढची ओळ आली.

'रानात गेलंस?'

उभ्या जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काम माझं. माझा भात कुकरातच होता. मी कोपऱ्यातलं बदललं, एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'नाही अजून.' आणि मग वैशू यापुढे काय लिहायची ते मला माहीत नव्हतं, म्हणून माझंच लिहीत गेले, खूप वेळ, आवाज न चढवता.