डेल्बर्टची ऐपत

मेक्सिकोत चपाला तळ्याकाठच्या आहिहिक गावात जे निवृत्त अमेरिकन राहतात, त्यांत आपणच सर्वांत श्रीमंत, असं डेल्बर्ट हॉफस्ट्राचं मत होतं. इतरांना हे शोधून काढायचा त्रास नको म्हणून चौकातल्या कॉफीवर तो रोज स्वतःच सांगे. ओहायोत त्यानं जन्मभर पोहण्याचे तलाव विकले होते. त्यातले बहुतेक गुडघाभर खोल, बोलणंही तेवढंच.

रहिवासाचा परवाना काढणाऱ्यांची त्याला कीव येई. "कागद कुणाला लागतात? ज्यांच्या खिशात काही नाही त्यांना," असं म्हणून तो दर सहा महिन्यांनी सीमेपलीकडं जाई आणि पर्यटकाचा शिक्का मारून परत येई.

लग्नाबद्दलही तेच. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली लोरेटा कित्येक वर्षं त्याच्या घरात होती, पण बायका लग्न करतात त्या पैशाशी, हा त्याचा सिद्धांत. म्हणून घरखर्च निम्मा-निम्मा. अवोकाडो आणला तरी त्यातली बी कुणाच्या वाट्याची, याचा तो विचार करी.

या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं त्याच्या पासपोर्टमधले शिक्के चाळले. "फार निष्ठेनं पर्यटन करता तुम्ही," म्हणाला, आणि फक्त तीन आठवडे दिले. पुढं राहायचं तर मायदेशातल्या मेक्सिकन वकिलातीत जाऊन ऐपत सिद्ध करणं आलं.

"ऐपत? माझ्याकडं दुसरं आहेच काय?" डेल्बर्ट हसला.

कागदपत्रं जमवून देणाऱ्या अम्पारोबाईंनी त्याच्या बँकेची वर्षभराची पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"डेल्बर्टसाहेब, बाकीचे कुठंयत?"

"कोण?"

"पैसे. पेन्शन येतं, त्यातलं निम्मं कुणी क्लॅरिसा नेते."

"पहिली बायको."

"उरलेलं तळ्यातली तुमची बोट खाते. महिनाअखेरी तुमच्यापेक्षा माझ्या मोलकरणीकडं जास्त असतं, आणि ती बिचारी कुणाला सांगत नाही."

बडा घर पोकळ वासा म्हणतात. पण वासे पोकळ आहेत हे घराला सगळ्यांत शेवटी कळतं.

"एक वाट आहे," अम्पारोबाई म्हणाल्या. "लोरेटाबाईंचं पेन्शन अटीत आरामात बसतं. त्यांच्यावर अवलंबून असलेला नवरा म्हणून तुम्हाला जाता येईल."

"मी? अवलंबून?"

"अडचण ती नाही. तुम्ही नवरा नाही आहात."

घरी लोरेटा पोसोले, म्हणजे मक्याचा रस्सा, ढवळत होती. डेल्बर्टनं तिच्या खांद्यावर उपकाराचा हात ठेवला. "इतकी वर्षं वाट बघितलीस. आता करून टाकू लग्न."

"मी कशाची वाट बघितली?"

"सगळ्याच बायका बघतात."

"मी मका शिजायची बघतेय. डेल, अम्पारो मला बाजारात भेटली होती."

डेल्बर्टचा हात खाली आला. खुर्चीवर बसून बराच वेळ तो टेबलाशीच बोलल्यासारखा बोलला. "मला परत जावं लागेल, लोरेटा. तिकडं माझं कुणी नाही. मला इथंच राहायचंय. तुझ्याबरोबर."

"हं. बुधवारी जमेल मला," ती म्हणाली.

नोंदणी कार्यालयात तिथल्या अधिकारीबाईंनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "मालमत्ता सामाईक की वेगवेगळी?"

"सामाईक," अर्ध्या अवोकाडोचा मालक छाती काढून म्हणाला. "तिचं ते माझं. म्हणजे, माझं ते तिचं."

"वेगळी," लोरेटा म्हणाली. "पेन्शन माझं. बोट त्याची, आणि पहिली बायकोही त्याचीच."

वकिलातीच्या खिडकीत सगळे प्रश्न तिलाच. डेल्बर्टनं दोनदा तोंड घातलं. दुसऱ्यांदा अधिकाऱ्यानं त्याला भिंतीकडचा बाक दाखवला. शेवटी 'या गृहस्थाचा खर्च मी सोसेन' या मजकुराखाली सहीची जागा आली. लोरेटानं पेन उचललं आणि थांबली.

"किती वर्षांचं आहे हे?"

"पहिला परवाना वर्षाचा, बाई. पुढं वाढवायचा की नाही, ते तुम्ही बघायचं."

तिनं मागं वळून बाकाकडं पाहिलं. तिची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून डेल्बर्ट बसला होता.

"एक वर्ष बघते," असं म्हणून तिनं सही केली.