दाराआडचं उत्तर

विलायतेत कापूस मिळेनासा झाला म्हणे, आणि इकडे अकोल्याजवळच्या आमच्या गावात माणसं वेडी झाली. असा भाव कुणी पाहिला नव्हता. घरच्या-दारच्या सगळ्या बाया वेचणीला, मीही. आठ महिन्यांची लेक सासूबाईंजवळ ठेवून जायची. तिनं रडून त्यांना हैराण करू नये म्हणून निघताना बोटाच्या टोकानं अफूचा कण चाटवायची. बऱ्याच जणी चाटवत. तरी घरात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

लेकीला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढेना, डोळा उघडेना, तेव्हा अकोल्याहून वैद्यबुवा तट्टावर बसून आले. लेकराची नाडी पाहण्याआधी आईनं काय खाल्लं ते विचारायचं, ही त्यांची रीत; अंगावर पिणाऱ्या लेकराचं औषध ते पुष्कळदा आईलाच देत. पण सून कशी बोलणार? ते ओसरीवर, मी दाराआड, आणि मी काय खाल्लं तेही सासूबाईच सांगत होत्या.

"लेकराले आणखी काही देता का?"

"काई नाई. दूधच."

बुवांनी बटवा सोडला. "ही गोळी उगाळा, दोन वेढे. अफूची आहे, हगवण थांबवते."

माझे पाय एका जागी ठरेनात. बोलावं तर घराची अब्रू जाते, गप्प राहावं तर लेक. सासूबाई सहाण घेऊन आल्यासुद्धा. असा राग आला! त्यांचा, कापसाचा, सगळ्यात जास्त माझा. मी दार लोटून बाहेर आले.

"नका देऊ, बुवा! मी रोज सकाळी तिले अफू चाटवतो."

बुवांनी सासूबाईंकडे पाहिलं. सहाण हातात तशीच.

"मीबी देतो," त्या हळूच म्हणाल्या. "दुपारी. भाकरी थापू देत नाई ते. मले काय मालूम, हे देऊन जाते!"

बुवांनी गोळी बटव्यात परत टाकली. "आता तिले निजू द्यायचं नाही. दुसरं औषध नाही."

दुपारभर आम्ही दोघी तिचे तळपाय चोळत, तोंडावर पाणी शिंपडत बसलो. मी आत-बाहेर किती फेऱ्या घातल्या, देव जाणे. वावरात कापूस फुटून तसाच राहिला. दिवस कलला तेव्हा लेक एकदम किंचाळून रडली. जे रडणं थांबवायला आम्ही एकमेकींपासून चोरून तिला अफू देत होतो, ते ऐकून सासूबाई "रडू दे, रडू दे तिले" म्हणत स्वतःच रडू लागल्या.