आधी थोरली बोलणार

त्या घराची पाच दुकानं होती, निवडक खाण्यापिण्याच्या जिनसांची. लांबून मागवलेलं चीज, फळांचे जॅम, मध, व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल, भाजलेली कॉफी. पहिलं दुकान बापानं काढलं, पुढची चार पोरांनी वाढवली. पण नवा माल पाचांपैकी कुठंही जायचा, तो पहिल्या दुकानाच्या मागच्या खोलीतल्या टेबलावरून. सकाळी शटर वर जायच्या आधी घरची माणसं तिथं बसत. पुढ्यात चमचे, पावाचे तुकडे, पाण्याचे पेले. प्रत्येकानं चव घ्यायची आणि तोंड मिटून बसायचं. आधी थोरली बोलणार. ती ‘घ्या’ म्हणाली की माल घ्यायचा, ‘परत’ म्हणाली की परत. हा बापाचा नियम. बाप गेला, पण नियम काही खुर्ची सोडून उठला नाही.

थोरली म्हणजे सगळ्यांत मोठी बहीण. लहानपणी बाप तिला कॉफीच्या पोत्यावर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि एकेक मूठ नाकाखाली धरायचा. कुठली कॉफी ते पोरगी न चुकता सांगायची. बाप गिऱ्हाइकांना हाका मारून मारून तो खेळ दाखवायचा. पुढं एकदा तिचं लग्न जुळत आलं होतं. पाहुण्यांनी मोठ्या हौसेनं केक आणला आणि हिनं पहिल्या घासाला सांगितलं, ‘‘लोणी जुनं आहे.’’ पाहुण्यांनी चहाचे कप अर्धे टाकले आणि घरचा रस्ता धरला. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. घरात तिची जागा पक्की होती. दुकानातले नोकर तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागं ‘जीभ’. ‘‘जीभ आली रे, हात धुवा!’’ असं कुजबुजत, आणि खरंच धूत.

मग एका थंडीत तिला ताप आला. चांगला दोन आठवडे अंगात मुरला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकी सगळं पुसलेलं. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी, चीज म्हणजे खारट मेण. आज येईल, उद्या येईल म्हणून ती वाट बघत राहिली. डॉक्टरांनी औषध दिलं, मग दुसरं दिलं, मग खांदे उडवले.

ही गोष्ट एकाच माणसाला कळली. मधल्या भावाला.

मधला तळघरातला माणूस. चीजची मोठी गोल चाकं फडक्यानं पुसायची, उलटायची, तेलाचे डबे गारव्याला लावायचे, हे त्याचं काम. बोलायला कंजूष. एक दिवस एक चाक आतून पार नासलं. इतकं, की तो फडकं नाकाला बांधून जिना चढायला निघाला होता. तेवढ्यात थोरली खाली आली, त्या चाकावर वाकली आणि म्हणाली, ‘‘बरं पिकलंय की!’’

मधल्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. तिच्याकडं बघत पायरीवर बसला.

‘‘कधीपासून गं?’’

‘‘तापापासून.’’

‘‘आणि टेबलावर काय करतेस?’’

‘‘तुमची तोंडं बघते. कुणाचं नाक मुरडतं, कोण दुसरा चमचा घेतंय.’’

‘‘सांगून टाकू या.’’

‘‘आणि मग मी काय करू?’’ ती म्हणाली. ‘‘तुला तळघर आहे. धाकट्याला हिशेबबिशेब, बँका, गाड्या आहेत. या घरात मी कोण आहे? जीभ. ती काढलीस, तर उरली एक म्हातारी, दारातल्या स्टुलावर बसवायला.’’

 दुसऱ्या दिवशी टेबलाला मधला आपली नेहमीची खुर्ची सोडून तिच्या शेजारी येऊन बसला. टेबलाखालून त्यानं तिच्या पायावर पाय ठेवला. हलका दाबला म्हणजे ‘घ्या’. टाच मारली म्हणजे ‘परत’. एकदा असलं भिकार व्हिनेगर आलं, की त्यानं टाच हाणली ती करंगळीवरच. थोरली ‘आई गं’ म्हणून ओरडली. धाकटा कौतुकानं म्हणाला, ‘‘बघा! एका थेंबात कळवळली. परत करा ते.’’ त्या रात्री दोघं बहीणभाऊ तळघरात पोट धरून हसले.

अशी वर्षं गेली. टेबल चालत राहिलं, दुकानं चालत राहिली. मग उन्हाळ्याच्या तोंडाला मधला तळघराच्या जिन्यातच छातीला हात लावून खाली बसला, आणि उठलाच नाही.

त्याची बायको, म्हणजे थोरलीची भावजय, त्याचा कामाचा कोट खुंटीवरून काढू देईना. ‘‘त्याचा वास आहे त्याला,’’ म्हणायची. एकदा घरात कुणी नाहीसं बघून थोरलीनं त्या कोटात तोंड खुपसलं. नुसतं कापड. खरखरीत कापड. ती तशीच कितीतरी वेळ श्वास ओढत उभी राहिली.

उन्हाळाभर कुणाला टेबलावर बसायचं मन झालं नाही. दुकानं जुन्या मालावर चालली. शेवटी एक दिवस धाकटा म्हणाला, ‘‘कपाटं रिकामी पडलीत. आता बसायला पाहिजे.’’ मागच्या अंगणात तेलाचे डबे होते, तेलवाल्याकडून आलेले. त्यातला एक उघडला. चमचे भरले. भावजय नवऱ्याच्या खुर्चीवर बसली होती, थोरलीच्या शेजारी.

सगळ्यांनी चव घेतली. सगळे गप्प झाले. थोरलीनं तेल जिभेवर फिरवलं. कडू नाही, आंबट नाही. टेबलाखाली तिचे पाय एकमेकांना चिकटून बसले होते. तिनं तोंडं वाचायचा प्रयत्न केला, पण त्या घरात तेव्हा सगळ्यांचीच तोंडं कडू झालेली. हा तेलवाला बापाच्या वेळेपासूनचा. त्याचं तेल कधी वाईट निघालं नव्हतं.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली.

तेल बाटल्यांत भरलं आणि पाचही दुकानांत गेलं.

थोड्याच दिवसांत बाटल्या परत यायला लागल्या. शेजारची शिक्षिका आली, बाटली काउंटरवर ठेवून हळूच म्हणाली, ‘‘तुमच्याकडून पहिल्यांदाच असं झालं हो.’’ न्हावी आला, तो कसला हळू बोलतोय! ‘‘हे तेल दरवाजाच्या बिजागरीला घातलं, तर दरवाजा उलटी करेल,’’ म्हणाला. तेल चांगलंच खवट झालेलं होतं. धाकट्यानं तेलवाल्याला बोलावून घेतलं.

तेलवाला टोपी हातात घेऊन मागच्या खोलीत उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्यानं बाटलीतलं तेल चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

‘‘खवट आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण मी दिलं तेव्हा ताजं होतं. मधल्या मालकांच्या हातात डबे दिले. ते गेले, त्याच सकाळी.’’

‘‘माझ्या भावाला साक्षीला आणू नका,’’ धाकटा म्हणाला. ‘‘तो आता येत नाही. आम्ही एक डबा या टेबलावर उघडला. ताईनं चव घेतली. ती म्हणाली घ्या. म्हणजे तो डबा चांगला होता. आता बाटल्या खवट निघाल्या. याचा अर्थ काय? वरचा एक डबा चांगला लावलात आणि खाली जुना माल खपवलात.’’

‘‘नाही हो.’’

‘‘मग ताई खोटं बोलली?’’

तेलवाल्यानं थोरलीकडं पाहिलं.  मग मान खाली घातली.

‘‘ताई चांगलं म्हणाल्या असतील, तर तो डबा चांगलाच असणार,’’ तो म्हणाला. ‘‘बाकीच्यांचं काय झालं, मला कळत नाही. आमच्या पोरांनी काही घोटाळा केला असेल. घरी जाऊन विचारतो.’’

माणूस तिच्या एका शब्दावर आपल्या घरात चोर शोधायला निघाला होता.  गप्प बसली, तर तिची खुर्ची राहणार होती, आणि मेलेल्या भावाचं गुपितही. तेलवाल्याचं नाव मात्र पाचही दुकानांतून पुसलं जाणार होतं.

‘‘पोरांना काही विचारू नका,’’ ती म्हणाली. ‘‘मला कळलंच नव्हतं. मला वास येत नाही.’’

‘‘सर्दी झालीय का?’’ धाकट्यानं विचारलं.

‘‘सर्दी नाही रे. नाक गेलंय माझं. त्या तापात गेलं.’’

‘‘ताई, ही थट्टेची वेळ नाही.’’

‘‘मी डोळे मिटते. काय आणायचं ते आण.’’

तिनं डोळे मिटले. पोत्यावर बसलेल्या पोरीसारखी हनुवटी वर केली. धाकटा मोरीकडं जाऊन आला. तिच्या नाकाखाली काहीतरी धरलं.

‘‘सांग.’’

‘‘चीज?’’ ती म्हणाली.

 तिनं डोळे उघडले, तर त्याच्या हातात भांडी घासायचा साबण होता.

धाकटा साबण हातात धरून तसाच उभा. ‘‘मग एवढी वर्षं कसं काय...?’’

‘‘मधला पाय दाबायचा.’’

धाकट्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तसा तो एकदम खाली बसला. ‘‘तुम्ही दोघांनी मला खुळ्यात काढलंत,’’ म्हणाला. ‘‘मी गावभर सांगत फिरलो, आमची ताई, आमची ताई... आणि तो रोज माझ्यासमोर बसून...’’ 

भावजय वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. ‘‘मलासुद्धा नाही सांगितलं त्यानं,’’ ती म्हणाली. ‘‘झोपेत बडबडायचा, त्यातसुद्धा नाही.’’ मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखी: ‘‘मला त्या दिवशी खवट लागलं होतं. मला वाटलं, माझंच तोंड मेलंय. तो गेल्यापासून पाणीसुद्धा कडू लागत होतं.’’

‘‘मलाही खवटच लागलं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘मला वाटलं, भाऊ गेलाय, आता कशाला चव लागणार?’’

डबे उन्हाळाभर अंगणात पत्र्याखाली तापत होते, हे तेव्हा ध्यानात आलं. मधला वाचला असता तर त्याच दिवशी तळघरात गेले असते. त्याच्या माघारी ते उचलायचं कुणाला सुचलंच नाही.

धाकट्यानं तेलवाल्याची माफी मागितली, रागातच, पण मागितली. तेलवाल्यानं टोपी डोक्यावर ठेवली. दारात थांबून थोरलीला म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही चांगलं म्हणालात की मी घरी जाऊन बायकोला सांगायचो. आता कुणाला विचारू?’’  तो गेला.

धाकटा तिच्याशी बरेच दिवस बोलला नाही. समोर आली की मोबाइल कानाला लावायचा. तिनंही त्याच्या मागं लागायचं टाळलं. तिला त्याचा राग समजत होता. मेलेल्या भावावर रागावता येत नाही, तो सगळा राग हिच्या वाट्याला आला होता. मधला असता तर रात्री तळघरात दोघांनी यावर काहीतरी बोलून घेतलं असतं. आता तेही नव्हतं.

पुन्हा टेबल मांडायची वेळ आली तेव्हा तिनं आपली खुर्ची भिंतीकडं सरकवली. मध आला होता. सगळ्यांनी चमचे तोंडात घातले आणि सवयीनं तिच्याकडं बघितलं.

‘‘मला काय बघता? बोला की,’’ ती म्हणाली.

आधी कुणाला बोलताच येईना. मग धाकटा म्हणाला, घेऊ या. भावजय म्हणाली, थांबा, मला जरा जळका लागतोय. धाकटा म्हणाला, जळका कसला, तो फुलांचा वास. भावजय म्हणाली, तुमच्या फुलांना आग लागली होती का? बघता बघता दोघं हातवारे करत भांडायला लागले. पुन्हा चमचे भरले, पुन्हा पाणी प्याले. त्या खोलीत इतका आवाज कधी झाला नव्हता. थोरलीला कुणी काही विचारलं नाही.

तिनंही बरणीतून एक चमचा घेतला. गोड. नुसतं गोड, कोमट, चिकट. ते जिभेवर धरून तिनं भावजयीची बाही ओढली.

‘‘कसा आहे गं?’’

भावजय भांडण अर्धं टाकून वळली.  ‘‘गोड आहे, ताई,’’ म्हणाली.

‘‘तेवढं मला कळतं,’’ थोरली म्हणाली. ‘‘पुढचं सांग.’’