धावलं की दंड वितळतात

लंडनमधल्या एजवेअरच्या व्यायामशाळेत एक मराठी काका रोज भेटायचे आणि रोज माझं डोकं फिरवायचे. पन्नाशी उलटलेली, रक्तदाब चढलेला, रोज थोडा दम लागू द्या असं डॉक्टरांनी बजावलेलं. हे गृहस्थ मात्र ट्रेडमिल वगैरे दम लागणाऱ्या कार्डिओला वळसा घालून थेट वजनांकडे. प्रत्येक सेटनंतर डाव्या हाताने उजवा दंड चाचपायचे, बाजारात वांगं दाबून बघावं तसा.

मी तेव्हा हृदयाच्या आरोग्याची पत्रकं वाटायचे. असल्या हट्टाला कायद्यानेच बंदी हवी, असं माझं ठाम मत होतं.

"काका, हृदय हासुद्धा स्नायूच आहे," मी सुनवायचे.

"असेल. पण शर्टातून दिसत नाही ना तो," ते शांतपणे म्हणायचे. "धावलं की दंड वितळतात, पोरी. कष्टाने कमावलेत."

पत्रकं हरली, तेव्हा मी लबाडी केली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी लेझीम पथकात माणसं कमी होती. "लेझीमने दंड भरतात," मी ठोकून दिलं. रविवारी सरावाला काका शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी हजर. सीडी संपली तरी थांबेनात. शेवटी घामाने निथळत खुर्चीत बसले आणि माझ्याकडे संशयाने बघू लागले.

"हा कार्डिओ होता का गं?"

"छे. संस्कृती होती."

त्यांनी बराच वेळ दंड चाचपला. मग मान डोलावली.

"शाबूत आहे," ते म्हणाले. "बुधवारी हॉल रिकामा असतो का, विचार."