कोथरूडच्या उतारावरची संध्याकाळची हवा

“पत्र आम्ही टाइप करून आणलंय. तुम्ही फक्त सही करा.”

कोथरूडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी दामले माझ्या टेबलावर कागद सरकवत होते. सोसायटीतलं वावळाचं झाड रहिवाशांच्या जिवावर उठलंय, सबब तोडण्यास हरकत नाही, असं तज्ज्ञाचं म्हणजे माझं मत त्यांनी माझ्या वतीनं बनवून आणलं होतं. महापालिकेच्या परवानगीच्या अर्जाला ते जोडायचं होतं. मी हवेतले परागकण मोजायचो. पराग म्हणजे फुलातली भुकटी, आणि तिचा एकेक कण एवढा बारीक की टाचणीच्या डोक्यावर अख्खा मावळ तालुका वसवता येईल. अशा कामाचा मला दरमहा पगार मिळतो, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

“आधी हवा तपासतो,” मी म्हणालो.

“तपासायचीय कशाला? हा घ्या पुरावा.” दामल्यांनी पिशवीतून वावळाच्या वाळक्या, पापडासारख्या चकत्या टेबलावर ओतल्या. “मागच्या उन्हाळ्यापासून जपून ठेवल्यात.”

“अहो, ही फळं आहेत. ही श्वासातून आत जायला नाक रांजणाएवढं लागेल.”

“विनोद राहू द्या. शैलाताईंना श्वास घेता येत नाहीये.”

मी पत्र बाजूला ठेवलं आणि उठलो.

शैलाताई सबनीस दुसऱ्या मजल्यावर गणिताचे क्लास घेत. त्यांचा आवाज असा, की इकडे त्यांनी पायथागोरस सांगितला की तिकडे स्वारगेटला कंडक्टर काटकोनात उभे राहत. मी गेलो तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसून एकेक शब्द मोजून काढत होत्या. छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. क्लास बंद होते. मुलगा त्यांना बंगळूरला न्यायला निघाला होता.

“मला इथून हलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तेव्हा झाड हलवा.”

झाड बाल्कनीपासून हातभर अंतरावर होतं. संशयित घटनास्थळीच उभा. मी बाल्कनीत आमचा सॅम्पलर बसवला. हे यंत्र माणसासारखं संथपणे हवा ओढतं. आत एक ड्रम असतो, त्यावर चिकट पट्टी, आणि घड्याळाच्या चावीवर ड्रम मुंगीच्या पावलानं फिरतो. त्यामुळे कुठल्या वेळी हवेत काय होतं ते पट्टीवर ओळीनं चिकटत जातं. वजन म्हणाल तर हत्तीचं पिल्लू. जिना चढवताना दामले म्हणाले, “हे खाली पडलं तर झाडाचा प्रश्न आपोआप सुटेल.”

वावळ थंडी सरताना फुलतो. पानं झडलेली, फांद्यांवर हिरवट, कुणाच्या नजरेत न भरणारी फुलं. सकाळचं दव वाळलं, ऊन चढलं की फुलातल्या परागाच्या पिशव्या फुटतात आणि वारा माल उचलतो. ओल्या, ढगाळ दिवशी दुकान बंद. म्हणून पट्टीवर सकाळ-दुपार गच्च भरलेली दिसणार, अशी माझी खात्री होती.

आठवड्यानं पट्टी काढली, गुलाबी रंग दिला, मायक्रोस्कोपखाली धरली. सकाळ रिकामी. दुपार रिकामी. आणि रोज संध्याकाळी, विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळावा तसा गुलाल! सगळा वावळाचाच. एकच दिवस संध्याकाळही कोरी होती. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि भुरभुर पडली होती.

मी स्कूटर काढली आणि थेट त्या झाडाखाली गेलो. फांदी वाकवून भिंग लावलं. पिशव्या फुटून, रिकाम्या होऊन, वाळून गेलेल्या. बाजूच्या सिमेंटच्या भिंतींची धग खाऊन हे झाड लवकर फुललं होतं आणि कधीच आवरून बसलं होतं. त्याच्याकडे द्यायला एक कण उरला नव्हता.

“मग येतंय कुठून?” मागून येऊन उभे राहिलेले दामले म्हणाले. “आमच्याकडे तर एवढं एकच झाड आहे.”

आम्ही वर गेलो. तिन्हीसांज झाली होती. शैलाताईंनी देवापुढे दिवा लावला आणि रिवाजाप्रमाणे घर सताड उघडलं. पुढचं दार, खिडक्या, बाल्कनी, सगळं. लक्ष्मी यायची वेळ. मग त्यांनी बाल्कनीच्या उंबऱ्याशी उदबत्ती लावली.

धूर वर गेलाच नाही. वीतभर उठला, वाकला आणि जमिनीलगत सरळ घरात शिरला. पाट सोडावा तसा.

मी मान वर केली. समोर टेकडी. तिच्या उतारावर वावळच वावळ, अजून पुरते फुललेले. दिवसभराच्या उन्हानं तापून वर गेलेली हवा, सूर्य कलताच थंड होऊन खाली बसत होती आणि टेकडीवरचा सगळा पराग पोटात घेऊन पाण्यासारखी उतार शोधत होती. पान हलत नव्हतं. आवाज नव्हता. एक अख्खी नदी बाल्कनीतून आत येत होती आणि कोथरूडमध्ये कुणाला पत्ता नव्हता. पंचवीस वर्षं पराग मोजत होतो, पण ती नदी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दामल्यांनी वाकून धुरात हात घालून पाहिला.

मागे छातीतली शिट्टी वाढली. शैलाताईंनी खुर्चीची पाठ धरली होती, ओठ काळवंडत होते. मी बाल्कनी लावली, दामल्यांनी खिडक्या ओढल्या, त्यांच्या हातात इन्हेलर दिला. आम्ही दोघं श्वास रोखून त्यांच्या श्वासाकडे बघत बसलो. हळूहळू खांदे खाली आले.

“तिन्हीसांजेला... घर बंद?” बोलता येताच त्यांनी पहिलं हे विचारलं.

“पुढचं दार उघडं ठेवा. बाल्कनी लावा,” मी म्हणालो. “लक्ष्मी जिन्यानं येते. बाल्कनीतून चोर येतात.”

“आणि सकाळी?”

“दुपारपर्यंत खुशाल उघडा. तेव्हा हवा वर निघालेली असते.”

डॉक्टरांची औषधं चालू राहिली, बाल्कनी संध्याकाळी बंद राहिली, आणि वावळाचा हंगाम सरायच्या आत क्लास सुरू झाले. मुलगा येऊन, जेवून, एकटाच बंगळूरला परत गेला. मी महापालिकेला मत दिलं, की झाड निर्दोष आहे. दामल्यांनी ते वाचून विचारलं, “मग आता टेकडी तोडायची परवानगी कुणाकडे मागायची?”

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी एवढंच शिकलो. हवेला अडवता येत नाही, पण ती वेळेची पक्की असते. ती यायच्या आधी उठून कडी लावावी.